मटाराच्या दिवसांत आलेली मनू

आज सकाळपासून जबलपूरबाहेरच्या पनागरकडून गाड्या येताहेत. एकावर एक रचलेली पोती, त्यांच्या तोंडातून डोकावणाऱ्या हिरव्या शेंगा, आणि गाडी जरा खड्ड्यात उतरली की रस्त्यावर सांडणारा तो हिरवा सडा. अधारतालच्या मोठ्या रस्त्यावरच्या गाई त्या गाड्यांची वाट पाहत उभ्या असतात असं मला दर हिवाळ्यात वाटतं. दहा वाजेपर्यंत आमच्या गल्लीत ठेल्यांची रांग लागली होती आणि हे, म्हणजे माझे यजमान, नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा जास्त मटार घेऊन आले. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यापासून मटार आणणं हे त्यांना कार्यालयीन काम वाटतं.

गच्चीवर चटई टाकली. परात मधे, पोतं बाजूला. पहिली शेंग अंगठ्यानं दाबली, ती चट्‌ आवाज करून उघडली आणि तो वास आला. कच्चा, गोड, थोडा गवतासारखा. तो वास आला की मला तो एक हिवाळा आठवतो. काही वर्षं झाली त्याला. त्या हिवाळ्यात आमची मुलगी आमच्या घरी आली. चोवीस वर्षांची.

म्हणजे जन्मली ती आमच्याच घरी, वाढलीही याच गल्लीत. पण तोपर्यंत आम्ही तिला मुलगा समजत होतो. तिचं एक मुलाचं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावरचं. ते मी इथे लिहीत नाही. तिला ते नको आहे आणि मला त्याची गरज पडत नाही. घरात आम्ही तिला मनू म्हणत होतो, अजूनही म्हणतो. तेव्हा मी तिला काय समजत होते ते सांगितलंच, पण आता लिहायला बसल्यावर 'ती' सोडून दुसरं काही हातातून उतरत नाही.

मनू पुण्यात नोकरीला होती. त्या वर्षी दिवाळीला आली आणि म्हणाली, "काही दिवस इथूनच काम करीन." आम्हाला आनंदच झाला. गच्चीवरची खोली तिनं मागितली. तिथे आम्ही जुन्या गाद्या आणि कूलर ठेवत होतो. ते सगळं खाली आणलं आणि मनू वर राहायला गेली.

मी तेव्हा एका मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत होते. जन्मभर 'लिंग बदलो' करून घेतलं. राजाची राणी, माळ्याची माळीण, आणि मग क्रियापद. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, हे मुलींच्या डोक्यात बसवता बसवता माझे कान तसे झाले. समोरचा काय बोलतो यापेक्षा कसं बोलतो ते आधी ऐकू येतं. त्यामुळे मनूचं बोलणं मला खटकायला लागलं. ती 'मी जेवलो' म्हणत नव्हती. 'माझं जेवण झालं' म्हणायची. 'मी थकलो' नाही, 'थकवा आलाय'. 'मी आलो' नाही, खालूनच ओरडायची, 'दार उघड!' बहुतेक वेळा ती भविष्यकाळात बोलायची. मी येईन, मी करीन, मी सांगीन. मराठीत भविष्यकाळात बोललं की बोलणारा बाई आहे की पुरुष हे कळत नाही, हे इतकी वर्षं भाषा शिकवूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेजाऱ्यांशी हिंदी बोलताना तिला आमच्या जबलपूरचं 'अपन' कामाला यायचं. "अपन बाद में खाएँगे, चाची." बायका-पुरुष, सगळं शहर 'अपन करेंगे' म्हणतं, त्यात कोणाला काय वेगळं वाटणार! मला वाटायचं, पोरगं पुण्याला राहून मराठी विसरलं.

मग एक दिवस वरून खरवडल्याचा आवाज यायला लागला.

गच्चीवर जाऊन पाहते तर पाण्याच्या टाकीला टेकवून प्लायचा एक भला मोठा तुकडा उभा केलेला. सुताराकडून स्वतः उचलून आणला होता. दिवाळीच्या रंगकामातून उरलेले डबे उघडे, भिंतीला पुट्टी लावायची लोखंडी पट्टी हातात, अंगावर माझा जुना ॲप्रन. मनूनं शाळेत असताना चित्रकलेच्या तासाला डोंगर, सूर्य, झोपडी याच्यापलीकडे काही काढल्याचं मला आठवत नव्हतं. या प्लायवर डोंगरही नव्हता आणि सूर्यही नव्हता. नुसता राखाडी रंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीसारखा.

"काय करून राहिला?" मी विचारलं.

"ठरायचंय अजून," मनू म्हणाली.

तेव्हापासून आमची रोजची बैठक ठरली. शाळेतून आले की मी परात घेऊन वर जायची. शेजारच्या मिश्रा भाभी आपली टोपली घेऊन यायच्या. त्यांच्या घरी रोज निमोना होतो, मटार वाटून केलेली ती दाट हिरवी भाजी, त्यामुळे त्यांना आमच्या दुप्पट मटार लागतात. आम्ही दोघी उन्हात बसून सोलत असू आणि मनू कामाच्या मधे मधे येऊन प्लायसमोर उभी राही. कधी रोलर फिरवायची, कधी चिंधीनं पुसायची, पण जास्त करून खरवडायची. राखाडीच्या खाली तिनं आधीच काही रंग देऊन ठेवले होते. पट्टी फिरली की कुठे केशरी दिसायचा, कुठे हळदीसारखा पिवळा, आणि एका कोपऱ्यात मटाराच्या कोवळ्या शेंगेसारखा हिरवा.

मिश्रा भाभींना राहवलं नाही. "दीदी, ये लड़का क्या बना रहा है? ऐसा लगता है जैसे प्लास्टर उखड़ गया हो."

मनू खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी मी ते हसणं ऐकलं. "चाची, एकदम सही पकड़ा. प्लास्टर ही उखड़ रहा है."

मला चित्रातलं कळत नाही. कॅलेंडरवरच्या देवांपलीकडे मी चित्रं पाहिली नव्हती. पण रोज एकच चित्र पाहत बसलं की ते ओळखीचं होत जातं, जसा रोजच्या रस्त्यावरचा माणूस ओळखीचा होतो. काल जिथं राखाडी होतं तिथं आज पिवळा आहे, हे मला शेंगा सोलता सोलता कळायला लागलं. मी म्हणायची, "हे वर आलं वाटतं नवीन." ती मान हलवायची. एकदा मी विचारलं, "अरे, एवढं खरवडतोस कशाला? वरूनच लाव ना पाहिजे तो रंग." पट्टी हातात तशीच धरून ती म्हणाली, "वरून लावायचं नाहीये, आई. खाली आहे ना, ते काढायचंय."

मी 'अच्छा' म्हटलं आणि पुढची शेंग उचलली. पण ते वाक्य शेंगेबरोबर सोललं गेलं नाही, मनात राहिलं.

ती दुपार मला लख्ख आठवते. भाभी त्या दिवशी आल्या नव्हत्या. आकाश धुतल्यासारखं निळं होतं, पतंग उडायला लागले होते, कोणाच्या तरी गच्चीवरून 'काटा रे!' असा ओरडा येत होता. मनूनं एका दमात चित्राचा सगळा मधला भाग मोकळा केला. राखाडीचे पापुद्रे खाली पडत होते आणि आतून केशरी निघत होता. एवढा केशरी तिथे असेल असं मला वाटलंच नव्हतं. मग ती पट्टी टाकून माझ्याशेजारी चटईवर येऊन बसली, पाय पसरले, आणि म्हणाली, "काय बाप्पा! थकली मी."

माझा अंगठा शेंगेत तसाच राहिला.

आमच्या घरी बोलताना 'थकले' म्हणत नाहीत, आम्ही नागपूरकडचे. बाई 'मी थकली' म्हणते. मी म्हणते, माझी आई म्हणायची. मनूनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते, रंगाच्या धुळीनं असतील, की कशानं.

"तू ऐकलं ना?"

"ऐकलं."

"चुकून नाही बोलली मी."

"नाही वाटलं चुकून," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला.

"आई, हे मी आहे." तिनं चित्राकडे बोट दाखवलं. "तोंडानं सांगता येत नव्हतं. किती दिवसांपासून तुला दाखवून राहिली. तू रोज इथं बसून पाहून राहिली, मला वाटायचं, आज विचारशील, उद्या विचारशील. लहानपणापासून आहे हे, आई. मी मुलगीच आहे."

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. लोकांची वाटली, नातेवाइकांची वाटली, रस्त्यावरून ती एकटी जाईल तेव्हाची वाटली. सगळं एकदम आलं. पण माझ्यासमोर ते चित्र होतं आणि त्याची मला भीती वाटत नव्हती. महिनाभर मी त्याच्यासमोर बसले होते. ते चित्र जसं जसं मोकळं होत गेलं तसं तसं माझं लेकरू जेवायला लागलं होतं, हसायला लागलं होतं, जिना उतरताना गुणगुणायला लागलं होतं. हे मी रोज पाहत होते. मला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

"तुला बरं वाटून राहिलं का आता?" मी विचारलं.

"खूप."

"मग बस, मटर सोल."

आम्ही दोघी सोलत बसलो. ती रडत होती आणि सोलत होती, आणि मधेच दाणे तोंडात टाकत होती, अगदी लहानपणी टाकायची तसे. सोललेलं निम्मं परातीत पडलंच नाही त्या दिवशी.

ह्यांना तिनं स्वतःच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी. मी ओट्याशी उभी होते. तिचं सांगून झालं. ह्यांनी कप खाली ठेवला. मग "अच्छा" म्हणाले, मफलर गुंडाळला आणि बाहेर पडले. दुपारच्या जेवणालाही आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "तलावाच्या काठी बसलो आहे. येतो." आवाज शांत होता. मग मी त्यांना चित्राबद्दल सांगितलं, 'हे मी आहे' असं मनू म्हणाली ते. मनू वर खोलीत होती. त्या दिवशी खरवडण्याचा आवाज आला नाही.

उन्हं उतरायच्या आत हे आले. खाली न थांबता सरळ जिना चढले. मी मागोमाग गेले, पण शेवटच्या पायरीवर थांबले. हे चित्रासमोर उभे होते, हात मागे बांधून, जसे पूर्वी खात्यातले नवे खांब तपासायचे तसे. मनू खोलीच्या दारात होती.

"हे तू आहे म्हणते तुझी आई."

"हो, बाबा."

"अन्‌ मी कुठं आहे याच्यात?"

मनू दारातून पुढे झाली. ती चित्राजवळ आली. डाव्या बाजूला राखाडीचा एक पट्टा अजून तसाच होता. तिथे तिनं हात ठेवला. "तुमची जागा ठेवली आहे. इथं."

"मग मी काय करायचं?"

"तुम्हाला वाटेल ते."

ह्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. डबे एकेक करून पाहिले. निळा पसंत केला, ब्रश घेतला, आणि त्या जागेतून एक रेघ ओढायला सुरुवात केली. सरळच ओढायची असणार त्यांना. आयुष्यभर तारा सरळ जाव्यात म्हणून भांडलेला माणूस. पण प्लाय खडबडीत होतं, आणि रेघ मधे वळली, खाली घसरली, पुन्हा वर आली आणि थेट केशरीच्या आत जाऊन पोचली.

"वाकडी झाली," हे म्हणाले.

"राहू द्या ना, बाबा. छान आहे."

"पुसून पुन्हा काढू का?"

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या गच्चीवरचा पतंगवाला वळून पाहायला लागला. मग दोघंही हसायला लागली. हे हसता हसता खाली बसले, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ह्यांच्या मरून स्वेटरवर निळ्या रंगाचा डाग पडला. तो गेला नाही, आणि त्यांनी स्वेटर टाकलाही नाही. आज सकाळी मटार आणायला गेले तेव्हा अंगावर तोच होता.

ते चित्र आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. सोफा सरकवून जागा करावी लागली. येणारा प्रत्येक जण काहीतरी म्हणतो. कोणाला त्यात बरगीच्या धरणामागचा सूर्यास्त दिसतो, कोणाला उसळत्या तेलातली करंजी. हे प्रत्येकाला ती निळी रेघ दाखवतात आणि गंभीरपणे सांगतात, "एवढं माझं काम आहे."

त्यानंतरच्या दिवसांत बरंच काही झालं. मनू पुण्यात आधीपासून एका डॉक्टरबाईंना भेटत होती. आम्हीही जाऊन त्यांना भेटलो, ह्यांनी पोटभर प्रश्न विचारले. आणि नाव ठरवायचं राहिलं होतं. ती मटार करंज्यांच्या दिवशीची गोष्ट. मी सारण भरत होते, मनू कडा दुमडत होती, आणि हे एकेक नाव सुचवत होते. सगळी त्यांच्या आत्या-मावश्यांची. कमल, कुसुम, विमल. मनू प्रत्येक नावाला "बाबा, प्लीज" म्हणत होती. शेवटी हे म्हणाले, "मानसी ठेव. म्हणजे आम्हाला मनू म्हणता येईल, जिभेला नवी सवय नको." मनूनं ते नाव दोनतीनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग पिठाच्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "हो. मीच आहे ही."

मिश्रा भाभींना मीच सांगितलं. त्यांनी हातातली शेंग टोपलीत ठेवली. मग विचारलं, "तो दीदी, अब इसको बिटिया बोलूँ?"

"हाँ."

"अच्छा." त्या मनूकडे वळल्या. "बिटिया, ज़रा वो डलिया इधर सरकाना."

सगळेच काही मिश्रा भाभी नव्हते. काही फोन येणं बंद झालं, काही फार यायला लागले. आणि ह्यांच्या मोठ्या बहिणीचा, ताईंचा, एकही फोन आला नाही. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. ह्यांना आईच्या जागी आहेत. त्यांना कळलं होतं, हे आम्हाला कळलं होतं.

संक्रांत झाली आणि हळदीकुंकू आलं. आमच्याकडे दर वर्षी असतं, गावातल्या मराठी बायका येतात. या वर्षी करावं की नाही या विचारात मी होते. मनूच म्हणाली, "करू ना, आई. मी लावीन सगळ्यांना." वाण काय द्यायचं तेही तिनंच ठरवलं. प्लायचे उरलेले तुकडे तिनं तळहाताएवढे कापले, घासून गुळगुळीत केले, आणि प्रत्येकावर रंग दिले. एकासारखा दुसरा नाही. गच्चीवर वाळत घातले तेव्हा पापड घातल्यासारखे दिसत होते.

ताईंना मी फोन केला. म्हटलं, "ताई, दर वर्षीसारख्या या. मानसी हळदीकुंकू लावणार आहे." पलीकडून फक्त "बघते" आलं.

त्या आल्या. इतर कोणी यायच्या आधी आल्या, कोणाकडे न पाहता पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरल्या. मटाराची उसळ त्यांनीच करायची हा शिरस्ता. त्यांचे यजमान वारल्यापासून त्या दर वर्षी अशाच येत होत्या, उसळ करायच्या, कॉफी उकळायच्या, आणि बाहेर हळदीकुंकू सुरू झालं की आतच थांबायच्या. मी अनेकदा म्हटलं होतं, बाहेर चला. "मला इथंच बरं," म्हणायच्या.

मनूनं माझी मोरपंखी कोसा साडी नेसली होती. भाभींनी तिला इतक्या पिना लावल्या होत्या की ती जपून श्वास घेत होती. बायका आल्या. सुरुवातीला सगळ्या जरा जास्तच गोड बोलल्या, मग हळूहळू नेहमीसारख्या बोलायला लागल्या. मनूनं प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण हातात ठेवलं. एका काकूंनी तो रंगीत तुकडा उलटा-सुलटा करून विचारलं, "छान आहे गं, पण याचं करायचं काय?"

"काकू, गरम पातेल्याखाली ठेवा," मनू म्हणाली, आणि खोलीभर हशा झाला.

मग माझं लक्ष गेलं तर मनू बाहेर नव्हती. तबकही नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ताई उसळीवर खोबरं पेरत होत्या आणि मनू तबक धरून त्यांच्यासमोर उभी होती.

"आत्या, तुम्हाला लावायचं राहिलं."

ताईंचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, केसांपासून साडीच्या काठापर्यंत. मला वाटलं, आता काही बोलतील. मी आत गेले नाही.

"मला लावत नाहीत गं," ताई म्हणाल्या.

"मला माहीत आहे," मनू म्हणाली. "मलाही कुठं लावत होते?"

गॅसवर कॉफी उतू जायला लागली. कोणी बंद केली नाही. ताईंनी खोबऱ्याचा हात पदराला पुसला, चष्मा काढला आणि मान थोडी पुढे केली. मनूनं बोट कुंकवात बुडवलं.

"मधोमध लाव," ताई म्हणाल्या. "घाई करू नको."

त्या बाहेर येऊन बसल्या. बायकांमध्ये, खुर्चीवर. भाभींनी पटकन सरकून जागा केली. ताईंनी वाणातला सगळ्यात लाल तुकडा निवडून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. उसळ त्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी वाढली.

संध्याकाळी हे त्यांना घरी सोडायला निघाले. आम्ही फाटकापाशी उभ्या होतो. ह्यांनी स्कूटर सुरू केली, ताई मागे बसल्यावर हेल्मेट पुढे केलं. "ताई, हे घाल. चौकात पोलीस उभा असतो."

ताईंनी हेल्मेट घेतलं, कपाळाजवळ नेलं आणि तसंच मांडीवर ठेवून दिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "कुंकू पुसलं जाईल. तू हळू चालव."